फळीचं दुसरं टोक

दुकानातल्या टेबलाच्या शिकंज्यात आवळलेली फळी काकूंनी उजव्या हाताने खाली दाबली. मग बाजूला ओढून पाहिली. मग कोणी बघत नाही असं पाहून तिच्यावर कंबर टेकवली आणि अर्धं वजन टाकलं. टेबल करकरलं आणि त्याचा एक पाय फरशीवरून सरकला.

"हे नको," त्या म्हणाल्या.

"आधीचं नको, हेही नको," काका म्हणाले. "सवत निवडायला आल्यासारखी बघतेयस तू."

"सवतच आहे ती. मग पारखून नको घ्यायला?"

दुकानवाली बाई टेप गुंडाळता गुंडाळता हसली. "काकू, आहे अजून एक. थांबा, आतून आणते."

काका पूर्वी बस चालवायचे. नोकरीत असल्यापासून घरातली ठोकाठोक तेच करत, आणि आता रिकामपण आल्यावर शेजाऱ्यांचीही करत. त्यामुळे इमारतीत त्यांना सगळे ठाकठोक काका म्हणायचे. त्यांची रीत एकच होती. फळी स्टुलावर ठेवायची, करवत रेघेवर लावायची आणि म्हणायचं, "धर." पलीकडच्या बाजूला काकू गुडघा रोवून दोन्ही हातांनी फळी दाबायच्या आणि म्हणायच्या, "धरलंय." हा शब्द कानावर पडल्याखेरीज करवत हलायची नाही. मग दूध उतू जावो की दारात कोणी ताटकळत राहो. घरातल्या बाकी हजार गोष्टींवरून दोघांची तोंडं दोन दिशांना असायची, पण फळीच्या दोन टोकांना बसल्यावर त्यांचं कधी भांडण झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्याच स्टुलाची आडवी पट्टी निखळली आणि वरचा डबा काढताना काकू खाली आल्या. डावं मनगट मोडलं. हाड जुळून आलं, पण हातातली पकड गेली ती गेलीच. सून नर्स होती. तिने दोघांना समोर बसवून बजावलं, "आई, फळ्याबिळ्या धरणं आता बंद. बाबांना घडीचं टेबल आणा. ते धरेल."

ते धरेल. काकूंना त्या दिवसापासून हा शब्द दातात अडकलेल्या तंतूसारखा बोचत होता. टेबलाने धरलं, तर मग आपल्याला हाक कशाला मारतील?

बाई आतून जे घेऊन आली, ते बंद सुटकेससारखं दिसत होतं. तिने ते उभं केलं, खालच्या पट्टीवर पाय दिला आणि वरची बाजू उचलली. नुकतं जन्मलेलं वासरू धडपडत चारी पाय पसरून उभं राहावं, तसं ते उभं राहिलं. फरक इतकाच, की हे डगमगलं नाही. माथ्याच्या दोन लांब फळ्या होत्या. दोन्ही बाजूंच्या दांड्या फिरवल्या की त्या एकमेकींजवळ सरकायच्या आणि मध्ये जे असेल ते आवळून धरायच्या.

बाईने त्यात एक जुनी फळी लावली. काकू पुढे झाल्या. दाबलं, ओढलं, वजन टाकलं. शेवटी हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी फळी नीट पकडली आणि दातओठ खाऊन खेचली. केसभरही हलली नाही.

काकू मागे सरल्या. धरणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. खांद्याला रग लागते, गुडघ्याला मुंग्या येतात, मन गॅसवरच्या भांड्याकडे धावतं आणि तेवढ्यात फळी निसटते. ह्याला ना खांदा, ना गुडघा, ना मन. देवासमोर वाकावं तशा त्या जराशा वाकून त्या दोन लाकडी ओठांकडे बघत राहिल्या.

"काका, कापून बघा ना," बाईने करवत पुढे केली.

काकांनी करवत रेघेवर लावली. आणि थांबले.

"लावा की, काका. काही होत नाही त्याला."

"हो, हो." तरी हात हलेना. त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. मग इकडे तिकडे पाहिलं. काकू बाजूला उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून.

"धरलंय त्याने," काकू हळूच म्हणाल्या.

करवत चालू झाली. टेबल ढिम्म. पण अगदी शेवटी कापलेला तुकडा आपल्याच वजनाने कडकन मोडून पडला आणि जाताना फळीच्या कडेचा ढलपा घेऊन गेला.

"सुटताना होतं असं," बाई म्हणाली.

"आमच्याकडे कधी झालं नाही," काका म्हणाले. त्यांनी तुकडा उचलला, फाटकी कड अंगठ्याने चाचपली आणि बाईला विचारून तो खिशात टाकला.

का झालं, ते काकूंना ठाऊक होतं. हे टेबल नको म्हणायला तेवढं निमित्त पुरलं असतं. पण त्या म्हणाल्या, "हेच घ्या. चांगलं आहे."

घरी आल्यावर काकांनी गॅलरीत टेबल मांडलं आणि स्टुलासाठी आणलेली पट्टी आवळली. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ जरुरीपेक्षा जास्त सोडला. भांडी घासून झाली. नळ बंद केला. करवतीचा आवाज अजून आला नव्हता.

त्या बाहेर आल्या. काका टेबलापाशी उभे होते. एका हातात करवत, दुसऱ्या हातात तो दुकानातला तुकडा.

"शेवटी तू तळहात खाली घ्यायचीस," ते म्हणाले.

"मग काय पडू द्यायचं?"

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांनी तुकडा कठड्यावर ठेवला आणि करवतीची मूठ काकूंकडे फिरवली. "घे."

"मला कुठं येतं! वेड लागलंय का?"

"अगं, जन्म गेला तुझा समोर बसून बघण्यात."

"मी करवत नव्हते बघत. तुमचं तोंड बघत होते. जीभ बाहेर आली की समजायचं, संपत आलं. मग हात खाली न्यायचा."

"माझी जीभ बाहेर येते?"

"वासरासारखी."

काका मूठ तशीच पुढे धरून राहिले. काकूंनी ओला हात साडीला पुसला आणि ती घेतली.

पहिले दोन हिसके वाया गेले. तिसऱ्याला करवतीचे दात लाकडात रुतले. आजवर ह्या बाजूने काकूंनी लाकूड पाहिलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला आली होती ती थरथर आणि मांडीवर पडणारा भुसा. इथून पेन्सिलची रेघ सरळ आपल्यापासून निघून दूर जाताना दिसत होती. दर ओढीला ती थोडी थोडी नाहीशी होत होती आणि तिच्या जागी उजेडाची एक फट उघडत होती. कोणी न उघडलेल्या खोलीचं दार आपण लोटतोय, असं त्यांना वाटलं. लाकडाच्या आतला वास कधी नव्हे तो थेट नाकात आला. त्या थांबल्या, फटीतून आरपार पाहिलं आणि पुन्हा लागल्या.

काका कधी पलीकडे जाऊन बसले ते कळलं नाही. त्यांनी पट्टीच्या टोकाखाली तळहात लावला आणि म्हणाले, "धरलंय."

करवत हलली तसे ते दचकले. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली होती.

"अगं, हे एवढं हादरतं?"

"हलू नका," काकू म्हणाल्या.

रेघ सरत आली. काकूंनी क्षणभर नजर वर केली. काका करवतीकडे बघत नव्हते. ते त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, तळहात तयार ठेवून.

असं काय बघताय, हे विचारायचं काकूंच्या मनात आलं. पण तोंड उघडता येईना. जीभ दातांत धरलेली होती.