हिरव्या दिव्याची बाजू

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे, किमतीने स्वस्त आणि स्वभावाने भित्रा. कारखान्यात माझ्या पोटात इतका पातळ पडदा बसवला, की तो नुसत्या श्वासानेही थरथरतो. तेव्हापासून माझी भीती काही गेली नाही.

डुलुथ शहरातल्या दुकानात ऑर्विन आजोबांनी महागड्या माइकांना हातही लावला नाही. घरच्या टेबलावर साधं बोलणं टिपायचंय, एवढंच सांगून त्यांनी मला उचललं. कशासाठी, ते घरी कळलं. त्यांच्या बायकोच्या, मारित आजींच्या, घशात गाठ होती आणि उद्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. आज टिपलेली वाक्यं पुढे बटण दाबलं की यंत्रातून ऐकू येणार होती. माझी तर पाचावर धारण बसली.

आवाज घुमू नये म्हणून दोघांनी डोक्यावरून गोधडी ओढून घेतली. एका बाजूला आजी बोलत होत्या, समोर गोधडीचं टोक धरून आजोबा बसले होते. माझा हिरवा दिवा दिसावा म्हणून त्यांनी मला स्वतःकडे वळवलं आणि तिथेच घोटाळा झाला. जिकडे माझा दिवा, तिकडेच माझा कान. आजी माझ्या पाठीशी बोलत होत्या आणि मला ते सांगता येत नव्हतं.

ऐकून पाहिलं, तर आजींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "स्वस्तातलं घेतलं की असंच," म्हणत आजोबा माझी वायर उपटायला निघाले. मी गारठलो. दुकान बंद झालं होतं. माझ्यामुळे आजींचा आवाज बुडणार होता.

"थांब," आजी म्हणाल्या. "हे कोण पुटपुटतंय?"

टिपलेल्या आवाजात मध्येच आजोबा अगदी स्वच्छ ऐकू आले होते. "तू गप्प झालीस तर हे घर मला खायला उठेल गं."

असलं काही त्या घरात कधी बोललं जात नसे. आजोबांनी माझी वायर सोडली.

"तुझी पुटपुट येते आणि माझं बोलणं येत नाही," आजी शेवटी म्हणाल्या. "त्याचं तोंड तुझ्याकडे आहे, वेडोबा." त्यांनी मला हळूच फिरवलं आणि घसा बसेपर्यंत बोलत राहिल्या.

आता मी कपाटात कोटांखाली असतो. ओल लागेल, पडदा फाटेल, यंत्रातली वाक्यं कुणी चुकून पुसेल, अशा भीतीने अजून थरथरतो. मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा. आणि आपल्या माणसाचा आवाज आहे तोवर त्याच्याकडे तोंड करून बसा.

दारात पावलं वाजली की आजी बटण दाबतात. "ऑर्विन, बूट बाहेर काढ."

हल्ली आजोबा मुद्दाम बूट घालूनच आत येतात.