कवळीची गोष्ट

लेखनाच्या वर्गात मी नाव घातलं ते साठी उलटून सहा वर्षं झाल्यावर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी वर्ग भरायचा. आम्ही अकराजण होतो. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक दंतवैद्य, नुकत्याच नोकरीला लागलेल्या दोन मुली, आणि बाकीचे माझ्यासारखे, घरच्यांना शनिवारी जरा मोकळीक मिळावी म्हणून आलेले. शिकवणाऱ्या मॅडम कॉलेजात साहित्याच्या प्राध्यापक. वर्गाचं नाव 'लेखकांच्या वाटेने'. म्हणजे दर आठवड्याला एकेका नामवंत लेखकाचा प्रवास समजून घ्यायचा, तो किती वाजता उठायचा, काय सोसायचा, कुठल्या वहीत लिहायचा, आणि मग आपण आपलं लिहायचं. दहा शनिवार झाले की प्रत्येकाच्या एका कथेचं मिळून पुस्तक निघणार होतं. मला त्या पुस्तकात यायचं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही, त्या एका गोष्टीसाठी मी गुडघा धरून तो जिना चढत होते.

पहिल्या नामवंताचं नाव मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि मी चष्मा पुसायला घेतला. तो माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आडनाव लग्नात बदललेलं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. वशिल्याने आली असं कुणी म्हणायला नको, इतकंच माझ्या मनात होतं. मॅडमनी त्याच्या प्रवासाचा कागद वाटला. 'तरुणपणी इस्पितळाच्या धुलाई विभागात राबलेल्या या हातांनी पुढे लेखणी धरली,' असं त्यात पहिलंच वाक्य. त्या हातांनी जन्मात स्वतःचा रुमाल पिळला असेल तर शपथ.

धुलाई विभागात राबत होते ती मी. वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि धाकटा चौदाचा. आई शिवण घेऊन दिवसभर लोकांच्या घरी, म्हणून शाळा सुटली की तो माझ्याकडे यायचा. धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर ऊब असायची, तिथे पसरायचा. मी कपडे निवडत त्याला दिवसभरात काय झालं ते सांगायचे. निवडायचं म्हणजे उशीचा प्रत्येक अभ्रा उलटा करून झटकायचा, पेशंटच्या कपड्यांचे खिसे चाचपायचे, नाहीतर मशीनमध्ये काहीही जायचं. अंगठ्या, कंगवे, चष्मे, अर्धवट लिहिलेली पत्रं. सापडलेली वस्तू पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि वॉर्डाचा नंबर लिहून चिठ्ठी चिकटवायची. मी त्या वस्तूंवरून माणसं रचायचे. पोरगं ऐकायचं मात्र छान. गोष्ट ढिली पडली की त्याची नजर दाराकडे जायची, आणि मी तिथल्या तिथे ती घट्ट करायचे. सांगायचं कसं ते मी त्याच्या तोंडाकडे बघून शिकले. हे नाकारलं तर मी खोटी ठरेन.

सव्विसाव्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. गाठोडी होती, ट्रे होता, इस्त्रीच्या गरम रोलरवर बोट भाजलेली बाई होती. फक्त सांगणारा पुरुष होता. मला खरंच आनंद झाला तेव्हा. मी पाच प्रती घेऊन विभागात वाटल्या. रोलरवालीने वाचून विचारलं, यात तू कुठे आहेस गं, तर मी म्हटलं, शोध, सापडेन. आम्ही दोघी हसलो. तेव्हा राग आला असता तर बरं झालं असतं, ताजा असताना माणूस काहीतरी करतो तरी. मला राग आला तो हप्त्याहप्त्याने. मुलाखतीत त्याने धुलाई विभागातल्या वाफेचा वास सांगितला तेव्हा थोडा, कथा शाळेच्या पुस्तकात लागली तेव्हा थोडा, आणि माझीच नात ती कथा पाठ करताना मला 'अभ्रा म्हणजे काय' विचारायला आली तेव्हा बराचसा.

तर मॅडम म्हणाल्या, जगलात ते लिहा. मी रोलरवालीवर लिहिलं. मॅडमनी कौतुकाने वाचलं आणि सांगितलं की सरांचा, म्हणजे धाकट्याचा, प्रभाव फार जाणवतोय, जरा बाजूला या. मी बाजूला आले. रात्रपाळीतल्या आमच्या मुकादमावर लिहिलं, जो बंद पडलेल्या मशीनशी गोड बोलायचा. तोही सरांच्या पुस्तकातल्या तिसऱ्या कथेत निघाला. बँकवाले घसा खाकरून म्हणाले, ताई, स्वतःच्या आयुष्यात बघा ना काहीतरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं आयुष्य आधीच छापून झालं होतं आणि त्याच्या सात आवृत्त्या निघाल्या होत्या.

मग मी कवळीची गोष्ट लिहायला घेतली. ती तर धाकट्याची सगळ्यांत गाजलेली कथा. एक म्हातारा बायको गेल्यावर धुलाई विभागाच्या खिडकीशी येतो. बायकोची कवळी वॉर्डातल्या गडबडीत अभ्र्यात गेली आहे, आणि तिला शेवटचं न्यायच्या आधी ती हवी आहे, कारण कवळीशिवाय तिचा चेहरा तिचा वाटत नाही. सांगणारा तीनशे अभ्रे उलटे करतो आणि कवळी शोधून देतो. वाचणारे रडतात. मी धाकट्याला हीच गोष्ट सांगितली होती. फक्त खरी सांगितली नव्हती.

खरं असं की तीनशे अभ्रे मी उलटे केले आणि कवळी मिळाली नाही. म्हातारा खिडकीशी उभा. गाडी लागलेली, बाहेरून माणसं त्याला हाका मारत होती. ट्रेमध्ये नऊ नंबर वॉर्डातली एक कवळी होती, दुसऱ्याच पेशंटची, जिवंत माणसाची. मी तिची चिठ्ठी काढली, कवळी गरम पाण्याने धुतली, टॉवेलात गुंडाळली आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हीच. बघा, पुढचा दात जरा तिरका आहे तिचा." मी म्हटलं, हो. तो गेला. नोकरी जाईल या भीतीने हे मी कुणाला सांगितलं नाही, धाकट्यालाही नाही. सेहेचाळीस वर्षांत कुणालाच नाही. ती एकच गोष्ट माझ्याकडे शिल्लक होती आणि मी ती कागदावर उतरवली. सहा वेळा लिहिली. मला वाटलं, आता तरी कुणी ही सरांची म्हणणार नाही.

दंतवैद्यांनी आधी हात वर केला. एकाची कवळी दुसऱ्याला बसूच शकत नाही, असं ते म्हणाले, जबड्याचं माप घ्यावं लागतं. मी विचारलं की मेलेल्या बाईने तक्रार केली असती का. मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझे कागद टेबलावर सरळ केले आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की एका मोठ्या कलाकृतीचा शेवट मोडून उलटा करणं म्हणजे नवनिर्मिती नव्हे. शिवाय शेवट पटत नाही. मूळ कथेत जी माणुसकी आहे तिची यात फसवणूक होते. पुस्तकात घ्यायची तर कथेखाली 'सरांच्या कथेवरून' अशी ओळ टाकावी लागेल, आणि तसं मी लिहून सही करून द्यावं लागेल. पुढच्या शनिवारी सर स्वतः येणार होते, त्याआधी विचार करा म्हणाल्या.

मी विचार केला तो असा, की बरंच झालं, तो येतोय. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मॅडमनी त्याला सगळ्यांच्या कथा आधीच वाचायला पाठवल्या होत्या. तो आला, खुर्चीत बसला, मला दुसऱ्या रांगेत पाहिलं आणि उठून उभा राहिला. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "ही माझी थोरली बहीण," तो सगळ्यांना म्हणाला. "माझी पहिली वाचक." वर्गात एकदम कुजबूज झाली. बँकवाले मागे वळून माझ्याकडे बघू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं स्वच्छ दिसलं. म्हणजे घरातूनच उचललंय, असं. मग तो तासभर बोलला. सर्जनशीलता कशी जपावी, मनातलं मूल कसं जागं ठेवावं. शेवटी त्याने माझ्या कथेचा विषय काढला आणि म्हणाला की शिकणारा प्रत्येकजण अनुकरणापासून सुरुवात करतो, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, त्याने स्वतःही तेच केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावाने मला सगळ्यांदेखत माफ केलं होतं.

चहाच्या सुट्टीत मी त्याला बाहेर जिन्यापाशी गाठलं. तिथे मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता आणि वाचनालयाचा शिपाई खाली सायकलला हवा भरत होता. धाकट्याने विचारलं की मी रागावले का. मी सांगितलं, रागावण्याचं नंतर बघू, आधी आत जा.

"आत जा आणि एक वाक्य बोल," मी म्हटलं. "ही गोष्ट तिची आहे, एवढंच. मला दुसरं काही नको."

त्याने मान खाली घातली. खरंच घातली, नाटक नव्हतं ते. म्हणाला की इतक्या वर्षांनी हे बोललो तर मागचं सगळंच खोटं ठरेल, आणि ती कथा आता त्याचीही राहिलेली नाही, मुलं परीक्षेत तिच्यावर उत्तरं लिहितात. मग त्याने मान वर केली.

"आणि ताई, खरं सांग. मी लिहिली नसती तर तू लिहिली असतीस?"

हे मला झोंबलं. अडतीस वर्षं पाळ्या केल्या, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं अंथरुणातलं काढलं. या सगळ्यात मी लिहिलं असतं असं म्हणायला जीभ उचलली नाही. पण लिहिलं नसतं हेही त्याने ठरवायचं नव्हतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. लहानपणी मारायचे तशी नाही, चांगली सणसणीत. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं की माझी कथा मी परत घेतेय, सही करणार नाही, पुस्तक त्यांचं त्यांनी काढावं.

तो निघेल असं वाटलं, पण निघाला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ते शेवटचं खरं आहे? दुसऱ्याची दिलीस?"

मी मानेने हो म्हटलं.

"आणि तो? नऊ नंबरातला?"

त्याच्याकडे बघितलं तर साठ वर्षांचा माणूस दिसेना, गाठोड्यांवर पसरलेलं ते पोरगं दिसलं. तोंड किंचित उघडं, पापणी लवत नव्हती. वर्गात अकराजणांनी माझी कथा वाचली होती. कुणी जबड्याचं माप काढलं, कुणी माणुसकी काढली. ज्या जिवंत माणसाचे दात मी दिले त्याचं काय झालं, हे एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं ते या चोराने. मला त्याची इतकी चीड आली, आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं, की माझी मलाच शरम वाटली.

मला गप्प बसता आलं असतं. जिना उतरून घरी जाता आलं असतं.

मी सांगायला लागले. तो शाळामास्तर होता, रोज अकराच्या सुमाराला खिडकीशी यायचा, तोंडावर रुमाल धरून. मिळाली का, असं विचारायचा, पण ते नीट कळायचंही नाही. आणि मी रोज त्याच्यासमोर तो ट्रे उपसून दाखवायचे, एकेक वस्तू बाजूला काढून, अगदी मन लावून शोधल्यासारखं करून. तो बिचारा मलाच म्हणायचा की राहू द्या बाई, तुम्हाला फार त्रास होतो. हे मी सहा खर्ड्यांत एकदाही लिहिलं नव्हतं, मला धीरच झाला नव्हता. आता एकेक वाक्य आपोआप जागेवर येऊन बसत होतं.

धाकट्याने खिशातून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मी ते पाहिलं. त्याच्या पेनाला गाठता यावं म्हणून मी जरा सावकाश बोलू लागले.