चाळीस टेराबाइट दात आणि एक बाबागाडी

साहेबांना भागाकार येत नाही आणि त्याचे भोग मला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न उरत नाही.

मी दातांच्या दवाखान्यात डिस्क सांभाळतो. निम्म्या शहराच्या जबड्यांचे फोटो माझ्या दहा डिस्कवर आहेत. चाळीस टेराबाइट दात. सहा वर्षं हेच काम, आणि सहाही वर्षं कंत्राटावर. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे नव्या इमारतीत न्यायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी इथली वीज तोडणार. तोवर सगळे दात तिकडे पोचले तर तू कायम. नाहीतर दुसरीकडे बघ."

कसे पोचवायचे तेही त्यांनीच ठरवलं होतं. दोन्ही इमारतींमध्ये प्रकाशावर चालणारी काचेच्या तारेची लाईन टाकली होती, आणि ती टाकणारे माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. साहेबांनी एक तक्ता केला. डिस्कचा वेग एकशे पंचावन्न, लाईनचा वेग एकशे पंचावन्न. एककाचा रकाना त्यांनी उडवला, कारण त्याच्यामुळे बाकीचं अक्षर बारीक होत होतं आणि मुख्यालयातल्या मोठ्या बाईंना चष्मा लागतो. तीन दिवसांत काम फत्ते, असं वर कळवूनही मोकळे झाले.

आता हे शेंबड्या पोरालाही कळेल. डिस्कवाले बाइट मोजतात, लाईनवाले बिट. आठ बिटांचा एक बाइट. एक जण घागरी मोजतोय, दुसरा पेले, आणि साहेब दोघांचे आकडे शेजारी मांडून म्हणतात, वा, काय जोडा आहे. एकशे पंचावन्नला आठाने भागा. एकोणीस येतात. माझी डिस्क सेकंदाला एकशे पंचावन्न घागरी ओतायला तयार, आणि खाली धरलेली नळी एकोणीस घागरींची.

सोमवारी सकाळी साहेबांनी कळ दाबली, चौघांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर आलं : शिल्लक वेळ चोवीस दिवस.

"ते यंत्र अजून बुजलंय," साहेब म्हणाले. "रुळेल."

"साहेब, आठाने भागायचं राहिलंय."

"तू डिस्क बघ. भागायचं काम कंत्राटात नाही तुझ्या."

मी दाजींना गाठलं. ते शिडीवर उभे राहून तारेला चिठ्ठी बांधत होते.

"दाजी, तुमची लाईन बिटात आहे हे आधी सांगायचं नाही का?"

"आमच्यात बिटच मोजतात. विचारलं होतं कुणी? आणि एकशे पंचावन्न नाही हो, एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न."

"त्या बावन्नने किती फरक पडतो?"

दाजींनी डोळे मिटून हिशोब केला. "चोवीस दिवसांत दोन तास वाचतात."

मंगळवारी रात्रीचं जेवण ताईकडे होतं. दाजी आणि मी ताटावरच भांडलो, बिट मोठा की बाइट. ताई जुळ्यांना भरवत होती. ती म्हणाली, "दोन गल्ल्या तर जायचंय. उचलून न्या की."

आम्ही दोघं, अकलेचे कांदे.

"डिस्कला धक्का सोसत नाही," मी म्हणालो, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"माझ्या पोरांना सोसतो का? बाबागाडी ने. स्प्रिंगा आहेत तिला."

बुधवारी सकाळी साहेब नव्या इमारतीतल्या खुर्च्या मोजायला गेलेले असताना मी दहा डिस्क काढल्या, भाच्यांच्या दुलईत गुंडाळल्या आणि जुळ्यांच्या गाडीत ठेवल्या, पाच इकडे पाच तिकडे. फाटकावर चौकीदाराने अडवलं.

"काय आहे आत?"

"दात."

त्याने दुलई उचलून पाहिली आणि वहीत लिहिलं : दात, दहा नग, बाबागाडीसह. नको तिथे इमानदार माणूस.

रस्त्यात एक आजी आडव्या आल्या. "जुळी वाटतं. केवढी झाली?"

"सहा वर्षांची."

"आणि अजून गाडीत?"

"कंत्राटी आहेत, आजी."

दाजी घड्याळ धरून शेजारून चालत होते. पोचायला बरोबर अर्धा तास लागला. नव्या इमारतीच्या पायरीवर ते मटकन बसले. "सेकंदाला एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार मेगाबिट," ते म्हणाले. "माझ्या अकराशे त्रेचाळीस लाईन एका बाबागाडीत. पंधरा वर्षं मी काय करतोय हो?"

"एका चाकाला तेल घाला, अजून दोनशे निघतील," मी म्हणालो. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. नव्या इमारतीत सगळे दात जागच्या जागी. साहेब छाती फुगवून म्हणाले, "ही प्रकाशाची किमया, बाई."

बाईंनी तक्ता हातात घेतला, चष्मा लावला आणि सरळ आठाने भागलं. "साडेचार दिवसांत जेमतेम साडेसात टेराबाइट जातात. चाळीस कसे गेले?"

"ऑप्टिकल आहे ना," साहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. कायम होणार होतो, जीभ चावून बसायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या अडाणीपणावर मिळालेली खुर्ची मला टोचते. "लाईनने नाही गेले," मी म्हणालो. "बाबागाडीतून मी नेले."

बाईंनी चौकीदाराची वही मागवली. वाचून साहेबांकडे पाहिलं. "हा माणूस कायम आहे का?"

"नाही."

"कंत्राटी माणसाने दवाखान्याचा माल फाटकाबाहेर नेला, तर नियमाने ती चोरी. चोरीचा अहवाल त्याच्या वरिष्ठाने लिहायचा. चाळीस पानांचा नमुना आहे, तीन प्रतींत."

साहेब खाली बसले. "आणि कायम असता तर?"

"तर ती वाहतूक. त्याला काही लिहावं लागत नाही."

साहेबांनी तिथेच कागद मागवला. सहा वर्षं ज्याला वेळ नव्हता ते काम चार ओळींत उरकलं, आणि तारीख घातली मंगळवारची, चोरीच्या एक दिवस आधीची.

"मंगळवारीही मी तुम्हाला आठाने भागायलाच सांगत होतो," मी म्हणालो.

"सही कर आणि गप्प राहा," साहेब म्हणाले.

मी सही केली. गप्प राहणं त्या कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं, मी दोनदा वाचून पाहिलं.