हललं का तुझ्याकडे?

माझ्या मुलीने मला शेवटचं सांगून ठेवलं होतं. आणखी एकदा चक्कर आली, की शिवणाचं दुकान बंद आणि माझा मुक्काम तिच्याकडे, सहाव्या मजल्यावर. तिचं घर छान आहे. इतकं छान, की सुई कुठे टोचून ठेवायची तेही विचारावं लागतं. मला माझं खालचं दुकान, वरची खोली आणि मधला उभा जिना पुरेसा आहे. तिला नेमका तो जिनाच खुपतो.

चक्कर कानामुळे येते, असं डॉक्टर म्हणाले. जिवाला धोका नाही, फक्त पडू नका. पण एकदा कापड बेतता बेतता मी मटकन खाली बसले, आणि एका गिऱ्हाईकबाईने ती बातमी तिखटमीठ लावून मुलीपर्यंत पोचवली. त्यानंतर मी चकरेचं नाव काढलं नाही. चक्कर यायची, जायची. मी टेबल धरून उभी राहायचे आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायचे नाही.

एका रविवारी दुपारी मुलगी आणि जावई वरच्या खोलीत चहाला आले. चहा आपला नावाला, खरी तर माझी तपासणी होती. मुलगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. समोरचा नापास होणार हे आधीच ठाऊक असल्यासारखी बघते. जावई बिचारे गरीब. त्यांना नुकत्याच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि बिस्किटाकडेसुद्धा ते बायकोला विचारून बघत होते.

मी किटली उचलली आणि खोली हलली.

आली मेली, मी मनात म्हटलं. हिला आत्ताच मुहूर्त सापडला. पायाखालची फरशी सरकत होती, कपाटाची दारं थडथडत होती, कानात घरघर चालली होती. इतकी जोरात ती कधीच आली नव्हती. पण मी ठरवलं, आज चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही. दोघांकडे बघितलं. दोघंही जागच्या जागी बसलेले. म्हणजे माझंच डोकं फिरत होतं. मी हसले आणि ओतत राहिले.

‘साखर किती घालू?’

‘एकच चमचा,’ जावई म्हणाले. बशी घट्ट धरून तेही हसत होते.

‘हवा छान आहे आज,’ मुलगी म्हणाली. तीही हसत होती, आणि तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

फळीवरून रिळांचा डबा पडला आणि रंगीबेरंगी रिळं खोलीभर धावत सुटली. ‘मीच कडेला ठेवला होता,’ मी म्हटलं. दोघांनी मान डोलावली.

तेवढ्यात खालून इस्त्रीवाल्याची आरोळी आली, भूकंप आहे, बाहेर या.

आमच्या भागात भूकंप म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. पण तो शब्द ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. भूकंप झाला म्हणून इतका आनंद झालेली त्या अख्ख्या गल्लीत मी एकटीच असेन.

मुलीने माझा दंड धरला आणि आम्ही जिना उतरलो. खाली गिऱ्हाइकाचा कोट घातलेला माझा चाकांचा पुतळा घरंगळत दारापर्यंत पोचला होता. आमच्याआधी त्याचीच निघायची तयारी. जावयांनी त्याला काखोटीला मारून बाहेर आणलं.

रस्त्यावर सगळी गल्ली जमली होती. इस्त्रीवाल्याच्या हातात गरम इस्त्री तशीच होती, आणि लोक त्याच्यापासून भूकंपापेक्षा जास्त जपून उभे होते. दाताचे डॉक्टर पेशंटसकट आले होते. पेशंटचं तोंड अजून उघडंच. कुणाला खरचटलंही नव्हतं. दोन कुंड्या फुटल्या होत्या, आणि त्या कशा फुटल्या हे जो तो नव्याने सांगत होता.

‘मला वाटलं, नवी गोळी चढली,’ जावई म्हणाले. ‘बोललो असतो तर हिने चहासुद्धा बंद केला असता.’

‘आणि मला वाटलं, मलाच गरगरतंय,’ मुलगी म्हणाली. ‘आई इतकी शांतपणे ओतत होती, की घर हलत असेल असं मनातच आलं नाही.’ मग ती माझ्याकडे वळली. ‘आई, तुला काय वाटलं?’

‘मला? मला काही जाणवलंच नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याची चहाने भिजलेली बाही बघितली. मी कपात कमी आणि त्यांच्यावर जास्त ओतला होता.

‘तुला चक्कर वाटली,’ ती हळूच म्हणाली. ‘छप्पर डोक्यावर आलं असतं तरी तू हसत ओतत राहिली असतीस. माझी इतकी भीती वाटते, आई?’

तिचे डोळे भरले होते आणि मला फार वाईट वाटलं. जावयांनी पुतळ्याचा कोट उगाचच नीट केला. जाताना ती दुकानाबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

पुढे कित्येक दिवस सगळ्यांना एकच खूळ लागलं होतं. ट्रक गेला, दार आपटलं, की फोन. हललं का तुमच्याकडे? मुलगीही करायची, मीही करायचे. बहुतेक वेळा काहीच हललेलं नसायचं, पण त्या निमित्ताने आम्ही कधी नव्हे इतक्या गप्पा मारल्या.

एका सकाळी मी पॅन्टची शिलाई उसवत होते आणि दुकान गरकन फिरलं. मी टेबल धरलं. पुतळा जागचा हलला नव्हता. रिळं फळीवर गुपचूप बसली होती. नेहमीसारखं गप्प राहता आलं असतं. मी फोन लावला.

‘हललं का गं तुझ्याकडे?’

‘नाही, आई.’

‘मग माझंच हललंय.’

‘बस खाली. जिन्याकडे जाऊ नकोस. मी येते.’

‘दुकानाला लावायला कुलूप घेऊन येतेस का?’

‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘चहाला येते. या वेळी कपात ओत.’