जुन्या आवृत्तीचा शेवटचा माणूस

निःस्वार्थ दान जग कधीही विसरत नाही. मामांचं दान जगाच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न आला नाही.

तारखांची आकडेमोड करणारी एक लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, मामांनी ऐन उमेदीत लिहिली आणि कोणाही प्रोग्रामरने फुकट वापरावी म्हणून इंटरनेटवर ठेवली. ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत ती लिहिली, त्या भाषेच्या पुढे नवनव्या आवृत्त्या निघाल्या. नवं सगळं भाचा बघू लागला. हा तोच भाचा, ज्याला मामांनी मांडीवर बसवून कीबोर्ड दाखवला होता. मामांकडे एकच काम उरलं: भाषेच्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवरही लायब्ररी चालती ठेवायची. ठिगळावर ठिगळ लावत ते चालू होतं. ते संपलं की मामांचं नाव ‘माजी’ या सदरात जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून भाच्याने विषय काढला नाही. सरळ लायब्ररीच्या पानावर जाहीर करून टाकलं. जुन्याचा आधार बंद, हरकत असल्यास महिन्याभरात कळवा.

मामा पडद्यासमोर ठाण मांडून हरकतीची वाट पाहत बसले. घोषणेला पाठिंबा म्हणून वर केलेले अंगठे तेवढे भराभर आले. मुदत संपत आली तेव्हा कुठे एक हरकत उगवली: ‘आमच्याकडे जुनीच आवृत्ती आहे. कृपया बंद करू नये. घरातल्यांना जेवण जात नाही.’

मामांनी फोन लावला. “बघ! मी म्हणत नव्हतो, कुठेतरी एक माणूस असणार?”

“घरीच येतो,” भाचा म्हणाला.

तो आला. मामींनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि नजर चुकवली.

“मामी, हरकत घ्यायला नवीन खातं काढलंत वाटतं? फोटोत आपलीच मांजर आहे.”

मामांनी वळून पाहिलं. “तू?”

“मग काय करू? दिवसभर भिंतीशी बोलता,” मामी म्हणाल्या आणि भाच्याकडे वळल्या. “तुझं काय जातंय रे? राहू दे की त्यांचं तेवढं.”

“त्या तेवढ्यापायी बाकी सगळं अडलंय, मामी. शिकलो तुमच्याच घरी, पण काम ते काम.”

“ती हरकत खोटी, कबूल,” मामा उसळून म्हणाले. “पण मी आहे ना! मी वापरतो. एक माणूस झाला की नाही?”

भाचा खुर्चीत रेलला. त्याला घाई नव्हती. “झाला. याच कॉम्प्युटरवर चालवून दाखवा, आत्ता घोषणा मागे घेतो.”

मामांनी बाह्या सरसावल्या. जुन्या आवृत्तीचं नाव टाइप केलं. अशी आवृत्ती या कॉम्प्युटरवर नाही, असं उत्तर आलं. अक्षर चुकलं असेल म्हणून एकेक कळ दाबत पुन्हा टाइप केलं. उत्तर तेच.

“सावकाश, मामा,” भाचा म्हणाला. “मी थांबतो.”

मामींनी पाण्याचा पेला उगाचच उचलून पुन्हा ठेवला.

जुनी आवृत्ती मामांनी स्वतःच मागे कधीतरी काढून टाकली होती. मांजरीच्या फोटोंना जागा पुरत नव्हती.