वाढलेलं आयुष्य

तुळसाबाई ऑटोतून उतरली ती रडतच. नाकाडोंगरीहून तुमसर, तुमसरहून मोहाडी, एवढ्या वाटेत तिचा पदर डोळ्यांवरून खाली आला नव्हता. दारात रुचिता उभी होती, तिच्या थोरल्या बहिणीची, कौशल्याबाईची सून. तुळसाबाई थेट तिच्या गळ्यात पडली.

"माय वो, माही बाई गेली वो. मले शेवटचं तोंडही नाई दाखवलं तुमी."

मागच्या अंगणात कौशल्याबाई कणीक भिजवत होती. बहिणीचा आवाज तिनं ओळखला आणि कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन ती तशीच पुढं आली. दुसऱ्या बाजूनं तुळसाबाईला कवटाळून तीही रडायला लागली. आमच्याकडे रीतच आहे तशी. रडत आलेल्या माणसाबरोबर आधी रडायचं, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. अशा वेळी कोरड्या डोळ्यांनी चौकशी करणारी बाई वाईट दिसते.

बऱ्यापैकी रडून झाल्यावर कौशल्याबाईनं खांद्यानं नाक पुसलं.

"कोन गेलं वो, तुळसे?"

तुळसाबाईनं मान वर केली आणि बघतच राहिली.

"तू," ती म्हणाली.

मग ती मटकन ओट्यावर बसली. बहिणीच्या तोंडावरून हात फिरवून पाहिला, कणकेचे हात चाचपले, आणि खात्री पटल्यावर भडकली.

"डोक्याले कावळा शिवला का तुह्या? शिवला तर शिवला, मले तरी खरं सांगाचं. रस्त्यानं जीव जाऊन राहिला होता माहा."

कावळा शिवला की नातेवाइकांना मरणाची खोटी खबर धाडायची, ते रडले की संकट टळतं, असं जुनी माणसं मानतात. पण कौशल्याबाईला कावळाबिवळा काही शिवला नव्हता. शिवला होता तो मोबाइल.

कौशल्याबाई लांब रोट्या करायची. चुलीवर मडकं पालथं घालायचं, पातळ कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत, लांबवत न्यायचा आणि धोतराएवढा झाला की मडक्यावर टाकायचा. नवरा सुखराम गेल्यावर याच रोट्यांवर तिनं पोराला, मनिषला वाढवलं. लग्न असो की तेरवी, चार तालुक्यांत तिला बोलावणं असायचं. पण गेल्या दोन वर्षांत कामं आटली होती. तिच्याच हाताखाली शिकलेली रुखमिणी मोबाइलवर व्हिडिओ टाकायची आणि लोक व्हिडिओ बघून फोन करायचे. मनिष राइस मिलमध्ये हमाली करायचा, पण मिल काही बाराही महिने चालत नाही.

रुचिता जीव लावणारी पोरगी. बचत गटाच्या बायकांना मोबाइलवरून धंदा कसा वाढवावा हे शिकवायला कोणी मॅडम आल्या होत्या, तिथं ती जाऊन आली. मॅडम म्हणाल्या, चेहरा दाखवा, तुमची गोष्ट सांगा, नंबर द्या आणि सगळ्या ग्रुपवर टाका. रुचितानं अगदी तसंच केलं. सासूचा हसरा फोटो घरात नव्हता. होता तो पुतण्याच्या लग्नातला, डोक्यावर पदर, गंभीर चेहरा. तो तिनं गोल कापला. मोबाइलमध्ये फुकटच्या नक्षीत झेंडूच्या माळा मिळाल्या, त्या दोन्ही बाजूंनी सोडल्या. खाली एक समई ठेवली, कारण चुलीचं चित्र काही सापडेना. वर लिहिलं, 'कौशल्याबाई सुखराम, मु. मोहाडी. चाळीस वर्षांची अखंड सेवा. तीच आठवणीतली चव.' फोन नंबर बारीक अक्षरात अगदी तळाशी गेला. आता हे बघून कोणाला रोटी आठवेल, सांगा बरं.

समाजाच्या ग्रुपवर यादोराव म्हणून एक रिटायर्ड ग्रामसेवक आहेत. कोणी गेलं की पहिली श्रद्धांजली त्यांची, हा त्यांचा मान. त्यांनी पोस्टर पाहिलं आणि लगेच टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग काय, खाली रांगच लागली. वाचलं कोणीच नाही. वरच्यानं लिहिलं म्हणून खालच्यानं लिहिलं. एकानं तर 'मावशींच्या पायाशी बसून खाल्लेली रोटी विसरणार नाही' असंही लिहिलं, आणि तो माणूस कौशल्याबाईला शेवटपर्यंत आठवला नाही. रुचिता पोस्टर टाकून झोपली होती. सकाळी तिनं घाईघाईनं लिहिलं, 'आई जिवंत आहेत, हे जाहिरातीचं आहे.' त्याच्याही खाली तिघांनी हात जोडले आणि भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

"दाखव बरं मले," कौशल्याबाई सुनेला म्हणाली. तिनं पोस्टर नीट पाहिलं. "फोटो तं चांगला आला वो."

तुळसाबाईला हसू फुटलं. मग तिघीही हसल्या. जाताना तुळसाबाई म्हणाली, "जाऊ दे. तुहं आयुष्य वाढलं."

हे वाक्य त्यानंतर कौशल्याबाईनं इतक्यांदा ऐकलं की पुढंपुढं तिला त्याची चीड यायला लागली.

धान घरात आलं होतं, लग्नं ठरायला लागली होती. आसगावच्या केशवरावाच्या धाकट्या मुलीचं लग्न हे त्या वर्षीचं मोठं काम. थोरलीच्या लग्नात कौशल्याबाईच्या रोट्या खाऊन लोक उठेनात, तेव्हाच केशवराव म्हणाले होते, धाकटीच्या वेळीही तुमीच. ते एक काम मिळालं की त्या पंगतीतून पुढची दहा मिळतात. ती मनिषच्या गाडीवर बसून आसगावला गेली. फोनवर आपण जिवंत असल्याचं कसं सांगायचं, हे तिला कळेना.

केशवराव तिला पाहून उभेच राहिले. मग ओशाळले.

"खबर आली तवा वाईट वाटलं वो बाई. पन लग्नाचं काम, थांबता येते का? सकाळीच रुखमिनीले कामाचा नारळ देऊन आलो."

"मी आहो ना आता."

"तुमी आहा. पन देल्ला नारळ वापस कसा मांगू?"

तिला दिलेला नारळही कधी कोणी परत मागितला नव्हता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मंग असं करा. रुखमिनीच्या बाजूले दोन मडके माहे मांडू द्या. काई देऊ नोका मले. लोकाईनं पाह्यलं म्हंजे झालं."

केशवरावांनी बायकोकडं पाहिलं. शकुनबाई साखरेची वाटी घेऊन उभी होती. तिनं चिमूटभर साखर कौशल्याबाईच्या हातावर ठेवली.

"तुमचं आयुष्य वाढलं, बाई. पन लग्नघर आहे वो," एवढं बोलून ती थांबली. "तुमी पाहुनी म्हनून या. नक्की येजा."

माणसं वाईट नव्हती. पण जिला सगळ्या तालुक्यानं श्रद्धांजली वाहिली, तिच्या हातची रोटी नवरीच्या पहिल्या पंगतीत कोण वाढेल? आणि हे तोंडावर तरी कोण बोलेल? कौशल्याबाईनं साखर तोंडात टाकली आणि ती गाडीवर जाऊन बसली.

घरी आल्यावर मनिष बायकोवर उखडला. "कोनं सांगतली होती अक्कल चालवाले?"

"तिले बोलू नोको," कौशल्याबाई म्हणाली. "तिनं माह्या चांगल्यासाठीच केलं. वाईट कराचं असतं तं एवढे झेंडू कायले लावले असते?"

रुचिता जास्तच रडायला लागली. पण हरली नाही पोरगी. तिनं सासूला चुलीपुढं बसवून व्हिडिओ काढला. कौशल्याबाईनं रोटी हातावर लांबवली, मडक्यावर टाकली आणि मोबाइलकडं बघून म्हणाली, "मी कौशल्याबाई. मोहाडीची. मी मेली नाई. रोट्या लागल्या तं सांगजा."

तो व्हिडिओ चालला. असा चालला की भंडाऱ्यात, नागपुरात, कुठं कुठं पोहोचला. मॅडमचाही फोन आला, खूप छान, हेच तर मी शिकवलं होतं. रुखमिणीचे सगळे व्हिडिओ एकत्र केले तरी एवढे लोक भरले नसते. कोणी तिच्या आवाजाखाली वाजंत्री लावली, कोणी 'मी मेली नाई' एवढंच तोडून घेतलं आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरांच्या फोटोला जोडलं. फोन दिवसभर वाजायचा. रुचिता धावत उचलायची.

"कोनाचं लग्न आहे जी?"

"लग्न नाई. मावशीले विचारा, वरतं नेटवर्क येते का."

आठवडी बाजारात भाजीवाल्या तिला बोट दाखवायच्या. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढायची. "तुमीच ना त्या, मेलेल्या?" ती सुरुवातीला हसायची. मग नुसती मान हलवायची. मग बाजारालाच मनिषला धाडायला लागली. लोक तिला ओळखत होते, पाया पडत होते, आयुष्य वाढलं म्हणत होते. रोट्या मात्र कोणीच सांगत नव्हतं. लग्नाच्या तर नाहीच, तेरवीच्याही नाही.

"तो व्हिडिओ काढून टाक वो," ती एकदा रुचिताला म्हणाली.

"म्या काढला, आई. पन लोकाईच्या मोबाइलातला कसा काढू?"

कौशल्याबाईला सुनेची कीव आली आणि स्वतःचीही आली. भांडायचं म्हटलं तर समोर कोणी माणूसच नव्हता. यादोरावांशी भांडावं, तर ते बिचारे घरी येऊन माफी मागून गेले होते. जाताना तेही तेच म्हणाले.

आसगावच्या लग्नाला ती गेली. नाही गेली असती तर लोकांना वेगळंच काही वाटलं असतं. मांडवात शकुनबाईनं तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. इतक्या लग्नांत गेली होती, पण मांडव पुढच्या बाजूनं कसा दिसतो हे तिनं नीट पाहिलंच नव्हतं. तिची जागा मागं, धुरात. आताही मागून धूर येत होता आणि कणीक आपटल्याचा तो आवाज येत होता. ती दोनदा उठली. दोन्ही वेळा कोणीतरी खाली बसवलं. "बसा वो बाई. तुमी पाहुन्या."

पंगत बसली. पत्रावळीवर घडी घातलेली लांब रोटी आली. रुखमिणीनं ती मुद्दाम मडक्यावरून उतरवून गरमच धाडली होती, वाढणाऱ्यानं तसं सांगितलं. कौशल्याबाईनं घास मोडला. रोटी चांगली होती. शिकवली तिनंच होती.

"कशी झाली?" शेजारच्या बाईनं विचारलं. "व्हिडिओत पाह्यलं तुमाले. तुमीही करत होत्या ना रोट्या?"

"करत होती," कौशल्याबाई म्हणाली.

तिनं दुसऱ्या घासासाठी हात पुढं केला. सुखराम गेल्यापासून चुलीच्या झळीनं कोपरापर्यंत तिच्या हातावर एक केस टिकला नव्हता. मांडवाच्या कापडातून ऊन येत होतं आणि त्या उन्हात हातावर बारीक, मऊ लव उगवलेली दिसत होती. तिनं पदर ओढून हात झाकला आणि ती जेवत राहिली.