पिवळ्या खोलीतलं काळं कापड

उजेडबाबाच्या दारात सकाळपासून रांग लागली होती, पण एवढ्या गर्दीत कोणी चकार शब्द काढत नव्हतं. बंदीच होती तशी. आत काय दिसलं ते बाहेर सांगितलं, तर आपलं मरण ऐकणाऱ्याला लागतं म्हणे. एकेक जण दारात मिळालेला लालभडक कापडाचा तुकडा घेऊन आत जाई आणि पांढराफटक होऊन परत येई.

कापड कारखान्यातला रंगमास्तर रांगेत होता तो बहिणीपायी. ताईला साखरेचा आजार, रोजच्या सुईवर जगणारी बाई. बाबाने परवापासून सुई बंद करून तिला सात दिवसांसाठी व्हरांड्यात बसवलं होतं. तिचे ओठ सुकले होते, श्वास भराभर चालला होता.

"ताई, घरी चल," मास्तर काकुळतीने म्हणाला.

"नको रे. बाबांनी सांगितलंय, सुईने रक्त आणखी काळं पडतं."

उचलायला गेला तर बाबाची दोन आडदांड माणसं आडवी आली. आधी बाबांची परवानगी हवी, म्हणे. शेवटी मास्तरचा नंबर लागला.

आत खिडक्या फळ्या ठोकून बंद. वर एकच पिवळाजर्द दिवा. हातातलं कापड बघता बघता काळंठिक्कर पडलं.

"काळ येऊन बसलाय तुझ्या रक्तात, बालका," बाबा घुमला. "सुई, गोळी आणि डॉक्टर, तिघे त्याचे चुलतभाऊ. त्यांना सोड."

मास्तर खरंच टरकला. पण वीस वर्षांची सवय कुठे जाते? कारखान्यात दिव्याखाली रंग कधी पास करत नाहीत. कापडाचा तागा दारात नेऊन उन्हात बघतात. पाय आपोआप दाराकडे वळले. त्याने दार उघडलं. उंबऱ्यावर कापड लाल, एक पाऊल मागे घेतलं की काळं. त्याने वळून बाबाकडे पाहिलं. बाबाचेही ओठ प्रेताच्या ओठांसारखे काळपट दिसत होते.

"आणि तुम्ही कधी निघताय, बाबा?" मास्तरने विचारलं. मग बाहेरच्या गर्दीकडे वळून तो ओरडला, "आत जाऊन आलात, त्यांच्यापैकी कोणाचं कापड लाल राहिलं? सांगा ना."

आत जाऊन आलेला एक म्हातारा पोस्टमन पुटपुटला, "माझं काळं पडलं होतं." मागून दुसरा म्हणाला, "माझंही." मग सगळेच बोलू लागले.

"सगळ्यांचंच पडणार," मास्तर म्हणाला. "कापडाला स्वतःचा उजेड नसतो. उन्हात सगळे रंग असतात, त्यातला लाल तेवढा हे कापड परत पाठवतं. या दिव्यात निव्वळ पिवळा आहे, लाल नाहीच. मग परत काय पाठवणार? म्हणून काळं. याचा रक्ताशी काही संबंध नाही."

बाबाची माणसं मागच्या मागे सटकली. मास्तरने ताईला उचललं.

"म्हणजे मी मरणार नव्हते?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"सुई सोडलीस म्हणून मरत होतीस. आता आधी दवाखान्यात."

तेवढ्यात रांगेतली एक बाई मटकन खाली बसली. "आमच्या ह्यांनी हृदयाच्या गोळ्या सोडल्या," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी गेले. बाबांचा शब्द खरा ठरला, असं मीच घरोघर सांगत फिरले. हे निम्मे लोक माझंच ऐकून आलेत."

मास्तरचा संताप कुठल्या कुठे गेला.

"काकू," तो म्हणाला, "आता पुन्हा त्याच घरांत जा. ते कशाने गेले, तेही सांगा."